पोदेराचं फडकं

दिवसभर वेर्ण्याच्या लॅबमध्ये मी
लोकांच्या गोळ्यांमधला दोष शोधते.
दहा लाखांत एक भाग,
तेवढा सापडला तरी सही करत नाही.

आणि रायबंदरला घरी मयुखी,
तेरा महिन्यांची, साडेतीन दातांची,
जगाची तपासणी तोंडानेच करणारी:
चप्पल, रिमोट, खुर्चीचा पाय,
माझी हनुवटी.

दीर बोटीवरून आला, ससा घेऊन आला.
निळा. इतका निळा
की खोलीतल्या बाकीच्या वस्तू ओशाळल्या.
मी नाकाशी धरला:
नव्या गाडीचा वास, बंद केबिनचा वास.
डोळे म्हणजे दोन काळे मणी,
त्यातला एक आत्ताच सैल.
"छान आहे हो," म्हणाले
आणि कपाटावर ठेवला, सुटकेसच्या मागे.

पणजीच्या दुकानात सगळ्या अस्वलांच्या
कानाला हिरवं पान. खाली 'नैसर्गिक'.
कशावरून, विचारलं.
दुकानदाराने अस्वल उलटं केलं, सुलटं केलं.
"पान आहे ना बाई," म्हणाला.

मग मीही हट्टाला पेटले.
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून
सावरीचा कापूस आणला,
बिया निवडायला बसले,
तर स्वयंपाकघरभर म्हाताऱ्या उडाल्या,
वरणातसुद्धा एक.
कापड हवं तर आपलंच, म्हणून
लाल चौकड्यांचं कुणबी घेतलं
आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवलं,
वर थोडं व्हिनेगर, लाळेची नक्कल म्हणून.
सकाळी पाणी गुलाबी.
अभिमान पिळून दोरीवर टाकला.

तेवढ्यात पों पों करत पोदेर आला, इनास.
मी दारात, हातात गुलाबी वाटी.
सायकलवरून न उतरता त्याने सगळं ऐकलं.
दुसऱ्या दिवशी दोन पोयांबरोबर
टोपलीवरचं जुनं फडकं दिलं:
"आता प्लास्टिक घालतो गो वरून.
हें असंच पडलेलं."
वर्षानुवर्षं उकळलेलं, पावावर झोपलेलं,
आपला रंग कोणता होता
ते स्वतःच विसरलेलं कापड.
रात्रभर बुडवलं. पाणी जसंच्या तसं.
फक्त वाटीला किंचित भट्टीचा वास.

कायतान मेस्ताने दुहेरी शिवण घातली,
डोळे धाग्याचे काढले.
मी पाणमांजर सांगितलं होतं,
चोडणच्या काठाला कधीमधी दिसतं तसं.
झाला शेपटीवाला बटाटा.
मयुखीने एकदा हुंगला
आणि पाव समजून मधोमध चावली.

इथे थांबता आलं असतं.

पण यल्लव्वा जळमटं काढायला स्टुलावर चढली.
"ताई, हा पडूनच आहे. आमच्या बसूला नेऊ?"
बसू मयुखीहून दोन महिन्यांनी मोठा.
मी नको म्हणाले.
वास, रंग, मणी, सगळं सांगितलं,
आधी लॅबच्या भाषेत, मग साध्या.
"उन्हात घातला की वास जातो, ताई,"
ती म्हणाली,
आणि ससा होता तिथेच, सुटकेसच्या मागे,
फार हळू ठेवला.
ते हळू ठेवणं
मला दिवसभर यंत्रांच्या आवाजातही ऐकू येत होतं.

ससा अजून तिथेच आहे.
फेकायचा कुठे, ते कुठल्याच लेबलवर नाही.

फडकं उरलं होतं हातभर,
कापूस दीड मूठ.
शनिवारी पुन्हा कायतानच्या दुकानात.
त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं:
"जुंवळीं काय गो तुजीं?"

"हय," म्हटलं मी, माप दाखवत,
"एक घरी असतं,
एक चिंबलला."